पोस्ट बॉक्समधला नवरदेव

सर्व संबंधितांना, आणि विशेषतः आपला याच्याशी काडीचाही संबंध नाही असं ज्यांना वाटतं त्यांना, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, खानदेशातल्या कितीतरी बायकांना घरबसल्या गंडवणारा एक इसम धुळ्यात पकडला गेला, तो पोलिसांच्या सापळ्यामुळे नव्हे, वर्तमानपत्रांच्या जागरूकतेमुळे नव्हे, आणि मी तिथे हजर होतो म्हणून तर नव्हेच नव्हे. तो पकडला गेला 'पोऱ्या तमाखू खास का?' या एका प्रश्नामुळे. मुलगा तंबाखू खातो का, एवढंच. हा प्रश्न विचारणारे गृहस्थ जळगावातले माझे घरमालक होते. आता ते नाहीत, म्हणून हे निवेदन मला करावं लागतंय. ते असते तर त्यांनी स्वतः केलं असतं आणि मध्ये दोनदा चहा मागवला असता.

त्यांना सगळे नाना म्हणायचे. जळगावात दर तिसऱ्या घरात एक नाना सापडतो, त्यामुळे नाव फुटायची भीती नाही.

नानांची सगळी नोकरी जकात नाक्यावर झाली. कडब्याच्या गाडीत कडब्याखाली काय आहे, कापसाच्या गाठींमध्ये कापसाशिवाय काय आहे, हे ते लोखंडी सळई खुपसून ओळखायचे. निवृत्तीनंतर नाका सुटला, पण सळई सुटली नाही. मी भाडेकरू म्हणून सामान घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझ्या वळकटीत ती खुपसली.

"काय आहे?"

"गादी आहे, नाना."

"असं तुमचं म्हणणं आहे," असं म्हणून त्यांनी आणखी एकदा खुपसली.

बाहेर जाताना सळई नेता येत नसे, म्हणून छत्री असायची. छत्रीचं टोक म्हणजे सळईचं प्रवासातलं रूप. जळगावच्या उन्हाळ्यात, जिथे डांबर चपलेला चिकटून घरी येतं, तिथे हा माणूस छत्री मिटलेली ठेवून उन्हातून चालायचा आणि वाटेतली पोती टोचत जायचा.

दुसरा नाद सोयरिकींचा. नाना लग्नं जुळवायचे. पैसे घेत नसत. टॉवेल-टोपी मात्र घेत, आणि त्यांच्या ट्रंकेत इतक्या टोप्या साठल्या होत्या की एखादी छोटी दिंडी निघाली असती. पण खरी गंमत अशी की, जुळवलेल्या लग्नांपेक्षा मोडलेल्या सोयरिकींचा त्यांना जास्त अभिमान होता. "ती पोर विहिरीत पडणार होती, मी काठावरून ओढली," असं ते सांगायचे, आणि ती पोर पुढे त्यांना रस्त्यात भेटली की चपला काढून पाया पडायची, हे मी स्वतः पाहिलंय.

त्यांची चौकशीची पद्धत ठरलेली. मुलाच्या घरी कधीच आधी जायचं नाही. आधी समोरच्या घरी जायचं. मग न्हाव्याकडे. मग त्या घराकडे जाताना जी पिठाची गिरणी लागते तिथे. "घरातली माणसं पत्रिका दाखवतात, समोरची माणसं घर दाखवतात," हे त्यांचं सूत्र होतं. आणि सगळ्यात शेवटी तंबाखूचा प्रश्न. तंबाखूशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, स्वतः दिवसभर मळत बसायचे. पण हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस, 'तंबाखू खात नाही हो, पण...' अशी सुरुवात करतो आणि त्या 'पण'च्या पुढे सगळं बाहेर येतं, असा त्यांचा अनुभव होता.

ही पद्धत ते फक्त नवऱ्यामुलांना लावत नसत. मी खोली मागायला आलो तेव्हा "बघतो, आठवड्यानं या" म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी एस.टी. पकडून भडगावला, माझ्या गावी गेले. तिथे आमच्या समोरच्यांकडे, न्हाव्याकडे, गिरणीवर माझी चौकशी केली. मुलगा कसा आहे, रागीट आहे का, पगार घरी देतो का, तंबाखू खातो का. मला यातलं काही माहीत नाही. चार दिवसांनी माझी आई डबा घेऊन जळगावला माझ्या ऑफिसात हजर. चेहरा असा फुललेला की साहेबांनी मला न विचारता सुट्टी दिली.

बाहेर येऊन आईनं पहिला प्रश्न विचारला, "गोरी आहे का रे?"

"कोण?"

"लाजू नको. तिचे वडील येऊन गेले आपल्याकडे. चांगला कोट घातलेला माणूस. गोरी आहे का?"

मला उलगडायला दोन मिनिटं लागली. म्हटलं, "आई, ती खोली आहे."

"खोली?"

"दहा बाय बारा. नुकताच चुना मारलाय, म्हणजे गोरी म्हणायला हरकत नाही."

आई तिथेच पायरीवर बसली. "अरे, मी गल्लीत साखर वाटली!"

मी चिडून नानांकडे गेलो. ते शांतपणे तंबाखू मळत होते. म्हणाले, "मी मुलगी आहे असं म्हटलं का? विचारा कोणालाही. मी आयुष्यात खोटं बोललो नाही. मी नुसतं विचारतो. विचारलं की माणसं आपोआप मांडव घालायला लागतात, त्याला मी काय करू? खोली घ्यायची ना?"

मी खोली घेतली.

सकाळी ओट्यावर बसून नाना वर्तमानपत्र वाचायचे, ते शेवटच्या पानावरून. पहिल्या पानावर देशाचं काय चाललंय ते त्यांनी कधी पाहिलं नाही. ते छोट्या जाहिराती वाचायचे, आणि मोठ्यानं वाचायचे, कारण त्यांच्या मते प्रत्येक जाहिरात म्हणजे एक स्थळ होतं. आत स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांच्या बायको, आमच्या अक्का, भाकऱ्या थापता थापता ऐकायच्या.

"'घरबसल्या भरपूर कमवा!'" नाना वाचायचे. "ऐकता का? मुलगा स्वतःच स्वतःला भरपूर म्हणतोय. पुढे. 'शिक्षणाची, अनुभवाची अट नाही.' म्हणजे मुलगी आंधळी, पांगळी, कशीही चालेल. ज्याला कशीही चालते त्याच्यात काय खोट असेल, अक्का?"

"पितो," आतून उत्तर यायचं.

"'त्वरा करा! मोजक्याच जागा!' बघा, लग्नाची घाई झालीय. गावात कळायच्या आत उरकायचंय. 'अनामत रक्कम आधी पाठवावी.' हुंडा आधी, मुलगा नंतर. आणि पत्ता काय, तर पोस्ट बॉक्स! घर नाही, उंबरठा नाही, समोर कोणी राहत नाही. मुलगी नांदायला जाणार कुठे? पेटीत?"

मग ते जाहिरातीवर पेन्सिलीनं फुली मारून जाहीर करायचे, "बठ्ठं खोटं शे." सगळं खोटं आहे. रागावले किंवा आनंदले की नाना शहरी मराठी सोडून आपल्या गावच्या बोलीत शिरायचे, आणि जाहिराती वाचताना त्यांना राग आणि आनंद एकदमच व्हायचा.

एकदा तर ते त्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. "तुम्ही स्थळाची चौकशी न करता लग्नपत्रिका छापता कशा?" तिथल्या माणसानं समजुतीनं सांगितलं, "काका, आम्ही फक्त छापतो. खरंखोटं वाचकांनी बघायचं." नाना म्हणाले, "म्हणजे भटजी म्हणतो मी फक्त अक्षता टाकतो, नवरा कोण आहे ते पोरीनं बघावं." तेव्हापासून त्या ऑफिसात नानांची छत्री गल्लीत दिसली की सगळे एकदम चहा प्यायला जायचे.

इथवर हा सगळा विनोद होता. मग टिकल्या आल्या.

खालच्या खोलीत सिंधू राहायची. तिचं माहेर जवळच, असोद्याला. नवरा कामाला होता ती कापडगिरणी बंद पडली, म्हणून तो सुरतेला मागावर कामाला गेलेला. सिंधू दोन लहान मुलींना घेऊन इथे. बोलायला मोकळी, नानांना 'नानाबाबा' म्हणणारी, आणि हसली की वरच्या मजल्यावर मला ऐकू यायची. त्या लग्नसराईत नाना सारखे गावोगाव होते, ओटा रिकामा होता, आणि तेवढ्यात तिनं ती जाहिरात वाचली. टिकल्यांची पाकिटं भरा. माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच घेऊ. सुवर्णकिरण गृहोद्योग, धुळे, पोस्ट बॉक्स अमुक अमुक. अनामत आवश्यक.

आम्हाला पहिली शंका आली ती नानांच्या टोपीमुळे. ते एका बैठकीहून घरी आले, आणि त्यांच्या टोपीच्या मागच्या बाजूला हिरवी टिकली. दुसऱ्या दिवशी कोपरावर लाल. माझ्या ऑफिसच्या फाईलवर एक. समोरच्यांच्या शेळीच्या कपाळावर एक, आणि ती शेळी त्या टिकलीत इतकी घरंदाज दिसत होती की कोणी काढेना. नानांनी हुंगत हुंगत माग काढला. टिकल्यांची वाट सिंधूच्या दाराशी संपत होती.

सिंधू आधी हसली, मग रडायलाच लागली. तिनं अनामत भरली होती. माल आला, तिनं भरला, परत पाठवला. तिकडून उत्तर आलं की माल निकृष्ट भरला, सबब अनामत जप्त. पुन्हा पत्र टाकलं तर उत्तरच नाही.

नानांनी फक्त एक विचारलं. "अनामत कुठून आणली?"

तिनं पदर सारखा केला. तेव्हा आमच्या लक्षात आलं. तिच्या गळ्यात नुसते काळे मणी होते. सोन्याच्या मण्यांची पोत सराफाकडे गहाण पडली होती.

"आखाजीला भाऊ घ्यायला येईल," सिंधू म्हणाली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. झाडाला झोके बांधतात, सगळ्या मैत्रिणी भेटतात, आणि झोक्यावर बसलेल्या बाईचा गळा सगळ्या गावाला दिसतो. "भाऊ गळा बघेल. त्याला वाटेल ह्यांनी पोत विकून खाल्ली. तो तापट आहे, नानाबाबा, सुरतेला जाऊन कॉलर धरेल. ह्यांना तर यातलं काहीच माहीत नाही हो. ते तिकडे अर्धपोटी राहून पैसे पाठवतात."

आम्हाला वाटलं आता नाना ओरडणार. रोज सकाळी गल्ली ऐकेल इतक्या मोठ्यानं सांगत होते तेच त्यांच्याच घरात झालेलं. पण ते खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "स्थळ पाहायला तुझ्या बाजूनं कोणी नव्हतं, पोरी. आता मी आहे. आखाजीला तू पोत घालून जाशील."

आखाजी पंधरवड्यावर आली होती.

आम्ही आधी पोलिसात गेलो. तिथले फौजदार सज्जन होते. सगळं ऐकून घेतलं, जाहिरातही वाचली, आणि म्हणाले, "नाना, ह्यात नाव नाही, गाव नाही. कंपनीचं नाव उद्या बदलेल, पेटीचा नंबर परवा बदलेल. मी गुन्हा कोणावर नोंदवू, पेटीवर? माणसाचं खरं नाव आणि मूळ गाव आणा. धुळ्यात हात घालायची व्यवस्था मी करतो."

बाहेर येऊन नाना खुशीत. मला म्हणाले, "नाव आणि गाव. अरे, हे तर आपलंच काम शे!"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही धुळ्याच्या गाडीत बसलो. नानांनी ठेवणीतला कोट घातला होता. मलाही इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. "तू मुलीचा भाऊ दिसतोस," असं म्हणाले. मी म्हटलं, "कोणत्या मुलीचा?" म्हणाले, "मी दिसतोस म्हटलं. आहेस म्हटलं नाही."

टपाल कचेरीतल्या बाईंनी पेटी कोणाची हे सांगायला नकार दिला, आणि तो नियमच होता. मग आम्ही समोरच्या रसवंतीत बसून राहिलो. मी किती रस प्यायलो हे आठवलं तरी अजून दात आंबतात. दुपारी सफारी घातलेला, तिशी ओलांडलेला, डोक्याला तेल चोपडलेला एक माणूस आला, पेटी उघडून मनीऑर्डरीची आणि पत्रांची चवड पिशवीत टाकून निघाला. नानांनी माझ्या बरगडीत छत्री खुपसली. त्या माणसाच्या चपलेच्या टाचेवर जांभळी टिकली होती.

आम्ही मागोमाग गेलो. तो एका गल्लीत शिरला, एका खोलीत गेला, दार लावलं. मला वाटलं आता आपणही दार वाजवणार. पण नाना वळले समोरच्या घराकडे. तिथे एक म्हातारी खाटेवर कुरडया वाळत घालत होती.

"माय, हाऊ समोरना पोऱ्या कसा शे?" नानांनी टोपी सरळ करत विचारलं. "तमाखू खास का?"

म्हातारीचा हात थांबला. तिनं नानांचा कोट पाहिला, माझा शर्ट पाहिला. "सोयरीक शे का?"

"नुसतं इचारी ऱ्हायनू," नाना म्हणाले. आणि ते खरंच होतं, नुसतंच विचारत होते.

आता लक्षात घ्या, पोलीस आले असते तर ही गल्ली मुकी झाली असती. पण सोयरिकीसाठी कोणी आलंय म्हटल्यावर शेजारचं इस्त्रीवालं दुकान थांबलं, पलीकडून दोन बाया पदराला हात पुसत आल्या, आणि आम्हाला बसायला बाज आली. मुलगा गुणी आहे. पीत नाही. तंबाखू खात नाही, पण... पण काम काय करतो कोणालाच माहीत नाही. पोती भरून टिकल्या येतात. इथे सगळे त्याला मॅनेजरसाहेब म्हणतात. नाव? कागदावर राजेशकुमार लिहितो. कुठला? बाई, ते नाही माहीत. बिचाऱ्याचं वय निघून चाललंय, कोणी बघणारं नाही.

आणि तेवढ्यात म्हातारीनं, आम्ही थांबवायच्या आत, रस्त्यापलीकडे आरोळी ठोकली, "ओ मॅनेजरसायेब! पाव्हना उनात, पाव्हना!" पाहुणे आले हो, पाहुणे.

दार उघडलं, बंद झालं. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी पुन्हा उघडलं तेव्हा त्याचा भांग नवीन होता, तोंडाला पावडर होती आणि स्टोव्हवर पोहे होते. घरात बाईमाणूस नाही, त्यामुळे नवऱ्यामुलानं स्वतःच पोहे करून पाहुण्यांपुढे आणले. मी आजवर पाहिलेला हा एकमेव दाखवण्याचा कार्यक्रम, ज्यात मुलगा खाली मान घालून बसला होता. भिंतीला लागून पोती रचलेली, जमिनीवर जिकडेतिकडे टिकल्या चमकत होत्या.

"नाव?" नाना.

"राजेशकुमार."

"छान. पुढे?"

"नुसतं राजेशकुमार."

नानांनी पोह्यांतला शेंगदाणा बाजूला केला. "हे बघा, आम्ही खेड्यातली माणसं. नाव सुरेख आहे, पण त्याला बाप नाही, गाव नाही, मामा नाही. मामाकडचं कुळ कळल्याशिवाय आमच्यात पुढचं बोलणं होत नाही. बरं, येतो आम्ही." आणि ते उठायला लागले.

त्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी पाहत होतो. पावडरीखालून घाम फुटत होता. एवढी वर्षं ज्यानं आपलं नाव पोस्टाला, बायकांना, अख्ख्या खानदेशाला कळू दिलं नव्हतं, त्याच्यापुढे आता दोनच वाटा होत्या. नाव लपवून सुखरूप राहायचं, नाहीतर सांगून लग्न करायचं. त्यानं फार वेळ घेतला नाही.

"बसा ना," तो म्हणाला. "धंद्यासाठी ते नाव लावतो. खरं नाव बारकू." आणि मग धडाधड बापाचं नाव, आडनाव, चाळीसगावजवळचं गाव, मामा कोण, मामाची शेती कुठे, सगळं सांगितलं. आडनाव आणि गाव मी इथे सांगत नाही. त्याच्या मामाचा यात काही दोष नव्हता.

मला वाटलं, झालं काम, आता पळावं. पण नाना रंगात आले होते. "उद्योग काय करता?"

सासऱ्यावर छाप पाडायची संधी बारकू सोडणार नव्हता. "गृहोद्योग. पार नाशिकपर्यंत बायका आपल्याकडे काम करतात."

"मग माल विकता कुठे?"

बारकू पुढे सरकला. डोळे लकाकले. "इथेच तर डोकं आहे, नाना. माल विकावाच लागत नाही! बायका अनामत पाठवतात, टिकल्या भरून परत पाठवतात, आपण नापास करतो. त्याच टिकल्या सुट्या करून दुसऱ्या बाईला पाठवायच्या. टिकली एकदाच घ्यायची, जन्मभर फिरते. तुमची मुलगी सुखात राहील."

मी ताटली खाली ठेवली. नाना मात्र मान डोलावत होते. "हुशार शे," म्हणाले. "पोहेही चांगले. दोन दिवसांनी मोठी माणसं घेऊन येतो. तुमच्या मामालाही बोलवा."

"नक्की येता ना?"

"मोठी माणसं येणार म्हणजे येणार," नाना म्हणाले. आणि यातही, बघा, एक अक्षर खोटं नव्हतं.

मोठी माणसं आली. जळगावचे फौजदार धोतर-टोपी घालून आले आणि त्यांच्याबरोबर धुळ्याचे दोन हवालदार, तेही साध्या कपड्यात, एकाच्या हातात नारळ. गल्ली झाडलेली होती. म्हातारीनं दारात रांगोळी घातली होती. आत बारकूचा मामा बसलेला, पांढरा फेटा, उन्हात रापलेला, शब्द मोजून बोलणारा शेतकरी माणूस. भाच्याचं जमतंय म्हणून डोळ्यांत पाणी. त्या पाण्याकडे पाहून नाना क्षणभर दारातच घुटमळले. मी त्यांना असं घुटमळताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग सवयीनं छत्रीचं टोक पुढे झालं आणि कोपऱ्यातल्या पोत्यात शिरलं. पोतं फाटलं. टिकल्यांचा ढीग फेट्यापर्यंत उडाला.

"ह्या कोणाच्या?" फौजदारांनी विचारलं, आणि तो आवाज सोयरिकीचा नव्हता.

"कंपनीच्या," बारकू म्हणाला. "तुम्ही मुलीचे कोण?"

"मी फौजदार."

"नाव काय तुझं?" हवालदारानं विचारलं.

"राजेश..."

"बारक्या!" मामा गरजला. सगळी हकिगत कळायला त्याला थोडा वेळ लागला. नानांनीच सांगितली, हळू आवाजात, सिंधूच्या पोतीपासून आखाजीपर्यंत. मामा उठला, भाच्याच्या एक ठेवून दिली, आणि मग साखरपुड्यासाठी कमरेला बांधून आणलेली रक्कम सोडून नानांपुढे ठेवली. "त्या पोरीना दागिना आधी सोडाव, भाऊ. ती माहेरले जाई ऱ्हायनी." नानांनी त्यातली सिंधूची अनामत तेवढी घेतली, बाकी परत त्याच्या हातात दिली. फौजदारांना तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं होतं. बाकीच्या बायकांच्या तक्रारी पुढे रीतसर गोळा झाल्या, पोती जप्त झाली, आणि बारकू जीपमध्ये बसला. जाताना तो नानांकडे वळून वळून पाहत होता. राग नव्हता त्याच्या नजरेत. काहीतरी विचारायचं राहून गेलंय, असं वाटत होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सिंधूचा भाऊ आला. त्यानं बहिणीचा गळा पाहिला की नाही कोण जाणे. पोत असली की कोणी पाहत नाही. सिंधू रिक्षात बसताना नानांच्या पाया पडली आणि तिच्या कपाळावरची टिकली नानांच्या पायाच्या बोटाला चिकटून राहिली. नाना दोन दिवस ती घेऊन हिंडले.

पुढचे कितीतरी महिने नानांनी ही गोष्ट ओट्यावर सांगितली. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, "आणि मी एक शब्द खोटा बोललो नाही!" एके दिवशी खिडकीतून भाकरीचा आवाज थांबला.

"त्यानं तरी कुठे खोटं छापलं होतं?" अक्का म्हणाल्या. "त्यानं बायकांना वाटू दिलं, तुम्ही त्याला वाटू दिलं. तुम्हीही जाहिरातच केलीत की."

"मी अनामत घेतली नाही!"

"पोहे खाल्लेत ना?"

नानांनी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ही माझ्या आठवणीतली एकमेव वेळ. त्यानंतर गोष्ट सांगताना ते शेवटचं वाक्य गाळायला लागले.

दोनेक वर्षं गेली असतील. सिंधूचा नवरा सुरतेहून परत आला होता, तिनं शिलाई मशीन घेतलं होतं, स्वतः दुकानात जाऊन, स्वतः चालवून बघून, आणि दुकानाच्या समोर चौकशी करून. संध्याकाळची वेळ, नाना ओट्यावर, मी नुकताच ऑफिसातून आलेलो. एक माणूस फाटकातून आत आला. हातात कापडी पिशवी, अंगात साधा सदरा, डोक्याला तेल नाही. मी आधी ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा कोपऱ्यातली सळई उचलली.

बारकू सरळ नानांपर्यंत आला आणि वाकून पाया पडला. नाना थोडे मागे सरकले. तो म्हणाला, सुटून चार महिने झाले, मामाकडे शेतावर असतो, केळी काढायला जातो, नाव आता बारकूच लावतो, चौकशी करून बघा हवं तर, समोरच्यांना विचारा, न्हाव्याला विचारा. नाना नुसते हं हं करत होते. सिंधू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. हा कोण हे तिला ठाऊक नव्हतं, घरी आलेल्या माणसाला पाणी द्यायचं एवढंच ठाऊक होतं. तो पाणी प्यायला, तांब्या दोन्ही हातांनी परत दिला. तिच्या गळ्यातल्या पोतीकडे त्यानं पाहिलंही नाही.

तरी जाईना. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा. खिडकीत अक्कांचा हात पिठात थांबलेला. मी सळई खाली ठेवली. नाना तंबाखू मळायचं विसरून त्याच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या दिवशी धुळ्याच्या दारात दिसलं होतं तेच काहीतरी होतं.

शेवटी बारकूच्या तोंडून निघून गेलं:

"नाना, झालं-गेलं जाऊ द्या हो... पण त्या तुमच्या मुलीचं पुढे कुठे जमलं का?"